६४० तास चाललेली मोटर मी का घेतली

टेक्सासमधल्या लेक फोर्क तळ्यावर एका शनिवारी संध्याकाळी मित्राच्या बोटीची मोटर बंद पडली, आणि बोट पाण्यातून बाहेर काढायचा रॅम्प चार मैल लांब. पुढची छोटी, बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर होती म्हणा, पण दिवसभर तिच्यावरच फिरलो होतो त्यामुळे तिच्या बॅटऱ्या अर्ध्याअधिक संपलेल्या, मग काय, पाण्यात उभ्या असलेल्या त्या मेलेल्या झाडांमधून वाट काढत, बैलगाडीने पण मागे टाकलं असतं अशा स्पीडने आम्ही रात्री सव्वादहाला किनाऱ्याला लागलो. घरी बायको जागीच होती. तिने काही विचारलं नाही, आणि तेच जास्त भारी पडतं हे लग्न झालेल्यांना सांगायला नको.

तर त्या रात्री ठरलं की बोट घ्यायची तर मोटर बघून घ्यायची, बोट नंतर. दोन वर्षं मित्राच्या बोटीवर फुकटात बसून बास मासे पकडायची चटक लागलेलीच होती, आता स्वतःची हवी होती. मी डॅलसच्या बाजूला राहतो, लेक फोर्क इथून पूर्वेला दीड-एक तास. साधारण २७,००० एकरांचं तळं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, आणि पाणी भरताना खालची पुष्कळशी झाडं तशीच उभी ठेवली कारण बासला लपायला जागा हवी. त्याचा फायदा असा की १९९२ मध्ये इथे १८.१८ पाउंडाचा बास मिळाला आणि टेक्सासचा तो रेकॉर्ड अजून तसाच आहे, आणि तोटा असा की इथल्या निम्म्या बोटींच्या मोटरींनी खाली कधी ना कधी लाकडाचा मार खाल्लेला असतो. जुनी मोटर घेणाऱ्याने हे आधी डोक्यात ठेवावं.

नवीन घ्यायची ऐपत नव्हती. नवीन १५० एचपीची नुसती मोटरच पंधरा हजार डॉलरच्या पुढे जाते, बोट वेगळी, ट्रेलर वेगळा. माझं बजेट सगळं मिळून पंधरा हजार, म्हणजे आठ-दहा वर्षं जुनी, अठरा फुटी, १५० किंवा फार तर २०० ची मोटर लावलेली बास बोट.

पहिला महिना मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरलो, कुठल्या कंपनीची मोटर भरवशाची? बास बोटींवर मुख्यतः मर्क्युरी नाहीतर यामाहा, सुझुकी आणि होंडा क्वचित, आणि जुन्या बोटींवर एव्हिनरूड बऱ्यापैकी. आणि उत्तरं काय मिळाली तर ज्याच्याकडे जी आहे ती सगळ्यात चांगली, आणि ज्याची जी बिघडली ती कंपनीच भिकार. एकाने सांगितलं अमुक घेऊ नको, माझ्या मेव्हण्याची दोन वर्षांत गेली. एक मोटर! एका मेव्हण्याची! मी दिवसभर ऑफिसमध्ये डेटाचं काम करतो आणि इथे एका मेव्हण्यावर पंधरा हजार डॉलर लावायला निघालो होतो.

मग वाटलं मेकॅनिकला विचारावं, तो तर शंभर मोटरी बघतो. पण त्यातही एक गंमत आहे. मेकॅनिककडे फक्त बिघडलेल्या येतात, आणि तळ्यावर ज्या कंपनीच्या सगळ्यात जास्त मोटरी आहेत त्याच कंपनीच्या त्याच्या दारात सगळ्यात जास्त दिसणार. त्याच्याकडे एका कंपनीच्या सात आणि दुसरीच्या दोन उभ्या असल्या म्हणून पहिली वाईट असं नाही होत, पाण्यावर किती आहेत ते माहीत असल्याशिवाय तो आकडा काही कामाचा नाही.

एव्हिनरूडचं मात्र जरा वेगळं. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये मिलवॉकीत मोटरी विकायला सुरुवात केली, इतकं जुनं नाव, पण मालक कंपनी ओएमसी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर बॉम्बार्डियरकडे गेलं आणि २०२० च्या मे मध्ये त्यांनी उत्पादनच बंद केल्याचं जाहीर केलं. मोटरी वाईट होत्या असं मी म्हणत नाही, त्यांच्या शेवटच्या ई-टेक मॉडेलवर जीव टाकणारे लोक आहेत. पण माझ्यासारख्याला जिचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर असलेला मेकॅनिक जवळपास मिळेल तीच मोटर परवडते. भरवसा म्हणजे बिघडणार नाही एवढंच नाही ना, बिघडली तर शुक्रवारी दिलेली पुढच्या शुक्रवारपर्यंत परत मिळेल का हे पण त्यातच आलं. म्हणून यादीतून काढल्या.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर पण मी बरेच दिवस घालवले. डायरेक्ट इंजेक्शनच्या टू-स्ट्रोक, म्हणजे मर्क्युरीची ऑप्टिमॅक्स वगैरे, हलक्या आणि उठायला जबरदस्त, बटण दाबल्यासारखी बोट पाण्यावर येते, पण ऑप्टिमॅक्समध्ये इंधन फवारायला एअर कॉम्प्रेसर लागतो म्हणजे एक भाग वाढला, आणि २०१८ च्या सुमारास ती बनवणं थांबलं. फोर-स्ट्रोकला वजन जास्त, व्हॉल्व आले, काहींना टायमिंग बेल्ट तर काहींना चेन, पण आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल कमी पितात. शेवटी मी काहीच ठरवलं नाही. दोन्ही बघू म्हंटलं.

एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मला खरी दिशा दिली. तळ्यापासून वीस मिनिटांवर त्याचं पत्र्याचं शेड, बाहेर एक झोपलेला कुत्रा आणि आत तीन मोटरी उघड्या. मी गेलो आणि नेहमीचा प्रश्न विचारला, तर तो हात पुसत म्हणाला, "कंपनी मला विचारू नकोस, आधी मालक कोण होता ते विचार. आणि मोटर गार असताना जा." एवढंच. मग म्हणाला तुला पसंत पडली की मला बोलव, दोनशे डॉलर घेईन आणि खरं सांगेन. मला एकदम आमचे आजोबा आठवले, बैल घ्यायचा तर दात बघायचे, खांदा बघायचा, चालवून बघायचा आणि मग गुपचूप शेजारच्या गावात जाऊन आधीच्या मालकाची चौकशी करायची. बैल कुठल्या जातीचा हे ते शेवटी बघायचे.

खाली ज्या तीन मोटरी सांगतोय त्यांच्या कंपन्या मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक बाकीचं वाचत नाहीत.

पहिली होती २०० ची डायरेक्ट इंजेक्शन टू-स्ट्रोक. बोट इतकी चकचकीत की मी फोटो बघूनच अर्धा विकला गेलो होतो. जाहिरातीत "नुकतीच सर्व्हिस केलेली". आम्ही पोचलो तर मोटर चालू! विकणारा म्हणाला तुमचा वेळ वाचावा म्हणून गरम करून ठेवली. मी मनात म्हंटलं माझा वेळ वाचवायला तू कोण, पण वर काही बोललो नाही. जुन्या मोटरीचे बरेच रोग गार असतानाच दिसतात, किती वेळ चावी फिरवावी लागते, पहिल्या मिनिटात किती थरथरते, किती धूर टाकते, आणि हे सगळं त्याने आधीच उरकून ठेवलेलं.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने किल स्विचची दोरी काढली म्हणजे ठिणगी बंद, सगळे स्पार्क प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला, बॅटरी फुल आहे का बघितली आणि एकेक सिलेंडरला कॉम्प्रेशनचं, म्हणजे आतला दाब मोजायचं, गेज लावून चावी मारली. हे सगळे सोपस्कार का, तर थ्रॉटल बंद ठेवला किंवा बॅटरी मरतुकडी असली की आकडे खोटेच कमी येतात. आमचे आकडे आले ११२, ११०, ११३, १११, ८८, ११२. मी पहिल्यांदा बघत होतो, मला वाटलं ११२ चांगले की वाईट? तो म्हणाला आकडा किती आहे त्याला फार महत्त्व नाही, गेजगेजमध्ये फरक असतो, सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांत पाहिजेत. ८८ दहा टक्क्यांत नव्हता. मग त्याने त्या सिलेंडरचा प्लग उन्हात धरला आणि मला भिंग दिलं, पांढऱ्या भागावर बारीक बारीक चंदेरी ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

विकणारा म्हणाला पिस्टनची रिंग चिकटली असेल, कार्बन काढायचं औषध मारा, ठीक होईल. असू पण शकतं, रिंगा खरंच चिकटतात. पण ठिपके औषधाने जात नाहीत. मित्र मात्र अजून मोहात, मला बाजूला घेऊन म्हणाला अरे दोन हजार कमी करतोय तो, घे ना. मी म्हंटलं त्या दोन हजारात पॉवरहेड, म्हणजे वरचं मुख्य इंजिन, येत नाही. निघालो. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही, बोट खरंच देखणी होती.

दुसरी मोटर ऐकायला स्वप्नासारखी, १५० ची फोर-स्ट्रोक, अकरा वर्षं जुनी आणि फक्त ६१ तास चाललेली. एकसष्ट! मी रात्रभर झोपलो नाही, कोणी आधी घेऊन जाईल म्हणून. बायको म्हणाली अकरा वर्षांत एकसष्ट तास म्हणजे वर्षाला सहाएक तास, मग बाकीचा वेळ ती काय करत होती? हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

बाकीचा वेळ ती उभी होती. मोटरीला चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं हे मला त्या दिवशी कळलं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं, फार दिवस राहिलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजेक्टरच्या आधी जी छोटी टाकी असते तिच्यात वार्निशसारखा थर जमतो. पाण्याच्या पंपातला इम्पेलर रबराचा, त्याची पाती एकाच बाजूला वाकून राहतात आणि तशीच कडक होतात. पण खरा झटका वेगळाच होता. मेकॅनिकने वरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट बघितले, ब्रॅकेटच्या आतून बोट फिरवलं आणि बोटाला पांढरं लागलं. मीठ. बोट आयुष्याचा काही भाग गल्फ ऑफ मेक्सिकोच्या खाऱ्या पाण्यात काढून आली होती, जाहिरातीत तर "फक्त गोड्या पाण्यात". खालचे झिंकचे तुकडे, जे आधी झिजावेत म्हणूनच लावलेले असतात, ते निम्मे खाल्लेले. एका बोल्टला पाना लावला तर तो म्हणाला याला हात नको लावूया, तुटेल, आणि आपली मोटर नाही अजून.

वर कागदांचा घोळ. टेक्सासमध्ये बोटीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वेगळं आणि आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगलेल्या, मोटरचं टायटल वेगळं, पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. बाहेरून येणाऱ्यांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं. मोटरच्या ब्रॅकेटवरचा सीरियल नंबर आणि टायटलवरचा नंबर जुळला पाहिजे. इथे शेवटचे तीन आकडे वेगळे. विकणाऱ्या बाई म्हणाल्या टायपिंगची चूक असेल, माझे मिस्टर असते तर त्यांनी सांगितलं असतं. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेलेले. मला खूप वाईट वाटलं, त्या खोटं बोलत नव्हत्या असं मला आजही वाटतं, त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. पण नंबर जुळत नाही म्हणजे कधीतरी मोटर बदलली असेल, आणि मग ते ६१ तास तरी कुठल्या मोटरचे? चहा प्यायलो, आभार मानले, निघालो.

आता तिसरी. नऊ वर्षं जुनी १५० फोर-स्ट्रोक, ६४० तास. जाहिरातीचे फोटो इतके वाईट की एकात विकणाऱ्याचा अंगठाच होता. मी ६४० बघून सोडूनच दिली होती, मेकॅनिक म्हणाला वर्षाला सत्तर तास म्हणजे दर दोन आठवड्याला कोणीतरी हिला पाण्यात घालत होतं, जाऊन बघ तर खरं.

मालक रिटायर्ड मास्तर, ऐंशीच्या आसपास, गुडघे गेले म्हणून बोट विकत होते. मी गेल्या गेल्या झाकण काढून ब्लॉकवर हात ठेवला, गार. ते हसले, म्हणाले मी पण असंच बघितलं असतं. मग आत जाऊन एक वही घेऊन आले. साधी शाळेची दोनशे पानी वही. पहिल्या दिवसापासून सगळं, तारीख, तास, काय केलं, किती पैसे. गिअर ऑइल दर शंभर तासांनी. इम्पेलर दर दोन वर्षांनी. दर हिवाळ्याआधी पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर. मध्येच "बायकोने ७ पाउंडाचा पकडला, मी ३" असलं पण.

वही कोणीही लिहू शकतो, एका रात्रीत बसून वेगवेगळ्या पेनांनी, माझा मित्र तेच म्हणाला. म्हणून मेकॅनिकने लॅपटॉप लावला. आजकालच्या मोटरींचा कॉम्प्युटर नुसते तास नाही ठेवत, कुठल्या आरपीएमला किती तास ते पण ठेवतो. ६४० पैकी जवळजवळ निम्मे एक हजार आरपीएमच्या खाली, म्हणजे हळूहळू फिरत, आणि पाच हजाराच्या वर मिळून साठेक तास. शर्यत लावणाऱ्याची मोटर नव्हती ही. आणि जुने अलार्म पण त्यात असतात, किती तासाला आला ते धरून. दोन होते, एक कमी व्होल्टेजचा आणि एक ओव्हरहीटचा, ४१२ व्या तासाला, काही सेकंदांचा. मी वही उघडली. ४१२ च्या समोर लिहिलेलं, "अलार्म. प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर. लगेच बंद केली. काढली. ठीक." मी मेकॅनिककडे बघितलं, त्याने नुसती मान हलवली. माझ्यासाठी सौदा तिथेच झाला होता खरं तर, बाकीचं सगळं मी घाबरट आहे म्हणून केलं.

कॉम्प्रेशन चारही सिलेंडरचं जवळ जवळ. मग लोअर युनिट, म्हणजे खालचा गिअरचा भाग. खालचा स्क्रू काढला, तेल काळपट पण स्वच्छ आलं. कॉफीत दूध घातल्यासारखं आलं असतं तर पाणी शिरलंय. स्क्रूच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप होता, तो चालतो, नेहमीची झीज, बोटांना टोचेल असा कण असता तर गिअर गेले. प्रॉप, म्हणजे पाण्यातला पंखा, काढला तर मागे शाफ्टला फिशिंग लाइनचे पाच-सहा वेढे. हा खास आपल्या मासे पकडणाऱ्यांचा रोग आहे, आपलीच दोरी प्रॉपमध्ये जाते, शाफ्टला गुंडाळते आणि सील कापते, मग पाणी आत आणि गिअर बाहेर. त्याने पंप लावून आत दहा-बारा पीएसआय हवा भरली आणि दहा मिनिटं ठेवली, मी काट्याकडे एकटक बघत होतो, काटा हलला नाही. वेळेवर सापडली दोरी. मास्तर जरा ओशाळले, म्हणाले गेल्या महिन्यात नातू आला होता.

स्केगला, म्हणजे खालच्या त्या फिनला, वेल्डिंगची खूण होती. विचारायच्या आत त्यांनी वही उघडून दाखवली, "बुंधा. माझी चूक. लेन सोडली." लेन म्हणजे झाडांमधली बोटींची मोकळी वाट. मेकॅनिकने प्रॉप शाफ्ट फिरवून बघितला, वाकलेला नव्हता. नंतर तो सरळ लोअर युनिटवर उभा राहिला आणि दोन-चार उड्या मारल्या, आणि मला म्हणाला ट्रान्समकडे बघ, मोटर हलू दे पण बोटीची मागची भिंत वाकता कामा नये. कुजलेल्या ट्रान्समवर टांगलेली चांगली मोटर काय कामाची.

मग तळ्यावर. रॅम्पवर पाण्याच्या नळाला लावून चालवलेली मोटर आणि बोटीचं वजन ढकलणारी मोटर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पाण्यात नेल्याशिवाय पैसे देऊच नका. आम्ही तिघं, टाकी भरलेली, सगळं सामान घेऊन, म्हणजे मी जशी वापरणार तशी. पहिल्या झटक्यात सुरू झाली, मागची पाण्याची धार बारीक पण जोरदार. पूर्ण थ्रॉटल दिला तर ५,१०० वर थांबली. हिची रेंज ५,००० ते ६,०००. मी खूश, रेंजमध्ये आहे. मेकॅनिक म्हणाला आहे पण अगदी तळाला, उन्हाळ्यात अजून खाली जाईल. लोकांना वाटतं कमी आरपीएम म्हणजे मोटरला आराम, तसं नाही, पाचव्या गिअरमध्ये घाट चढवल्यासारखं आहे ते, आतून ठोकते आणि वर्षानुवर्षं तसंच चालवलं की पिस्टन जातो आणि मग मालक म्हणतो कंपनी वाईट. प्रॉप २१ पिचचा होता, म्हणजे एका फेऱ्यात हिशोबाने २१ इंच पुढे जाणारा. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. नंतर मी १९ चा लावला आणि ५,४५० मिळाले, टॉप स्पीड होता तेवढाच राहिला आणि बोट उठायला लागली पटकन.

जॅक प्लेटने, म्हणजे मोटर वर-खाली करायच्या ब्रॅकेटने, मोटर वर घेऊन पाण्याच्या प्रेशरचं गेज पण बघितलं, कारण बास बोटवाले स्पीडसाठी मोटर इतकी वर घेतात की पाणी ओढायची भोकंच हवेत येतात. शेवटी बंद करून पंधरा मिनिटं थांबलो, सँडविच खाल्लं, आणि गरमच परत चालू केली. काही मोटरी गार असताना छान उठतात आणि गरम झाल्यावर रुसतात, आणि मासे पकडताना तर दर अर्ध्या तासाला बंद-चालूच असतं. ही रुसली नाही.

मागत होते १४,५००, तेरा हजार सहाशेला ठरलं. भाव करताना मलाच लाज वाटत होती. वर ६.२५ टक्के टॅक्स, दोन्ही टायटल माझ्या नावावर, यावेळी सीरियल नंबर मी तीनदा वाचला. नंतर प्रॉप, इम्पेलर, थर्मोस्टॅट, पेट्रोलमधलं पाणी पकडणारा फिल्टर आणि सील वगैरे मिळून नऊशे गेले, वहीत लिहिलेलं असलं तरी मी सगळं नव्याने केलं, मेकॅनिक म्हणाला दुसऱ्याने केलेल्या सर्व्हिसवर पहिला सीझन काढू नकोस.

हो, मित्राची मोटर त्या रात्री का बंद पडली ते राहिलंच. बॅटरीवरची हाताने फिरवायची नट, कानवाली, ती ढिली झाली होती. दिवसभर मासे शोधायच्या सोनारचे दोन मोठे स्क्रीन आणि माशांच्या टाकीचा पंप त्याच बॅटरीवर, व्होल्टेज पडलं आणि कॉम्प्युटरने मोटर बंद केली. पान्याने आवळायची साधी नट टाकली, विषय संपला. तोपर्यंत त्याने तीन महिने सगळ्यांना सांगून झालं होतं की ही कंपनी घेऊ नका. मला पण सांगितलं होतं.

माझी मोटर तिसऱ्या महिन्यात बंद पडली. जुलै, भर दुपार, एका लांब खाडीतून बाहेर येताना ३,५०० च्या वर गेली की गुदमरायची, खाली आणली की चालायची, मग तेही बंद. पोटात गोळा आला. पहिला विचार, ६४० तास, घेतली ना मी, सगळे सांगत होते. मग जरा शांत झाल्यावर मागे जाऊन पेट्रोलच्या पाइपचा तो रबरी बल्ब बघितला तर चिमटा काढल्यासारखा चपटा झालेला. चपटा म्हणजे मोटर ओढतेय पण टाकीकडून येत नाहीये. टाकीचं झाकण जरा सैल केलं, आणि "सुस्स" करून हवा आत गेली, बल्ब फुगला, मोटर पहिल्या झटक्यात सुरू. झाकण तसंच सैल ठेवून घरी आलो. टाकीला हवा आत येण्यासाठी बोटीच्या बाजूला एक छोटं भोक असतं, त्यात कुंभारमाशीने चिखलाचं घर बांधून ठेवलं होतं, इतकं गच्च की मला स्क्रूड्रायव्हर लागला.

संध्याकाळी मास्तरांना फोन केला, मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, कसं शोधलं, काय केलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले वही कुठे आहे, ५१० च्या आसपास बघ. मी पानं उलटली. ५०७ तास, जून, त्यांच्या त्या बारीक अक्षरात, "मोटर गुदमरते. टाकीचं भोक. परत ती माशी." परत! मागे अजून शोधलं तर ३३१ ला पण होती.

खाली माझ्या अक्षरात लिहिलं, "६७८ तास. माशी." आणि दुसऱ्या दिवशी त्या भोकावर बारीक जाळी लावली.